फीची अट आधी मागे घ्या

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. अकरावीत फिजिक्सला 78, गणिताला 84. जेईईचा क्लास लावलाय, पण तिला ‘न्यूट्रिनोंवरून डार्क मॅटर शोधायचंय’. इंजिनीअरिंग घेतलंस तरच फी भरीन, असं मी सांगून ठेवलंय. इतकी वर्षं शोधून ज्यांना काहीच सापडलं नाही, त्यांच्यात जाऊन ही काय करणार? तुम्हीच तिला समजवा.
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : समजवायचंय ते तिला नाही, तुम्हाला. गुण ठीक आहेत. पत्रात खटकलं ते फीचं वाक्य. बारावीच्या वर्षात घरातून अशी अट आली की मुलं अभ्यासाबद्दल घरी बोलणंच बंद करतात. पुढे इंजिनीअरिंगला जातातही, पण केटी लागली तरी सांगत नाहीत. पैशांची खरीच अडचण असेल तर वह्या-आकडे समोर ठेवून तिच्याशी बोला. बारावीतल्या मुलीला ते नीट कळतं.

‘काहीच सापडलं नाही’ म्हणजे काहीच हाती लागलं नाही, हा तुमचा गैरसमज आहे. डार्क मॅटर म्हणजे गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं, पण न दिसणारं द्रव्य. अंदाज असा, की त्याचे कण सूर्यातल्या अणुकेंद्रांवर आपटून वेग गमावतात, गाभ्यात साठतात आणि तिथे एकमेकांना नष्ट करतात. त्यातून जे निघेल त्यातला न्यूट्रिनो हा सहसा कशालाच न अडणारा कणच तेवढा सूर्यातून बाहेर पडू शकतो. सूर्याचे नेहमीचे न्यूट्रिनो 20 एमईव्हीच्या (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) आतले. त्याच्या शेकडो-हजारो पट ऊर्जेचे न्यूट्रिनो सूर्याच्या दिशेने सतत जास्तीचे येऊ लागले, तर मोठीच गोष्ट. दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेने त्यासाठीही घन किलोमीटरभर बर्फात 86 तारांवर 5160 प्रकाशसंवेदक सोडलेत. असे जास्तीचे न्यूट्रिनो अजून दिसलेले नाहीत. पण त्यावरूनच हा कण प्रोटॉनला किती सहज धडकू शकतो याची वरची मर्यादा ठरते आणि तिच्यापलीकडचे सिद्धान्त बाद होतात. पाइपाची गळती शोधताना ‘या टप्प्यात नाही’ असं खात्रीने सांगणाऱ्यामुळेच खणायची जागा कमी होते ना?

माझी शंका वेगळी आहे. तिला विषयाची ओढ आहे की कामाची? आइसक्यूबमध्ये सेकंदाला दोन हजारांहून जास्त म्युऑन नावाचे दुसरेच कण वातावरणातूनच येतात. खरं काम म्हणजे त्यांतून न्यूट्रिनो वेगळे काढायला संगणकावर ते चाळत बसणं.

म्हणून तिला एक महिनाभराचं काम द्या. पायथॉन या संगणकभाषेत गोलावर, म्हणजे आकाशावर, 10,000 घटना (कणांच्या नोंदी) यदृच्छेने पसरायच्या. बहुतेक जण इथेच चुकतात : ध्रुवापासूनचा कोन एकसारखा पसरवतात आणि ध्रुवांपाशी गर्दी होते. एकसारखा पसरवायचा तो त्या कोनाचा कोसाइन. मग एका बिंदूला सूर्य मानून त्याभोवती 5 अंशांच्या आत किती घटना पडल्या ते मोजायचं. सरासरी 19 येतील, चढउतार साधारण 4. एखाद्या वेळी 25 आल्या तर डार्क मॅटर सापडलं का? हजार वेळा करून पाहिलं की 25 किती वेळा आपसूक येतात ते तिलाच दिसेल. यात ती रात्री जेवायचं विसरली, तर तुम्ही आडवे येऊ नका. आठवड्यात कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. तेव्हा इंजिनीअरिंगचा विचार तिच्याशी मोकळेपणाने करता येईल.

प्रवेशाचं म्हणाल तर नेस्ट या प्रवेशपरीक्षेतून कलिन्यातलं सीईबीएस किंवा भुवनेश्वरचं नायसर, आयएटी या परीक्षेतून आयसर; या सगळ्या विज्ञान शिकवणाऱ्या संस्था. जेईईचा क्लास दोन्हीकडे उपयोगी पडतो. आयएटीत जीवशास्त्रही असतं, तेवढं बघा.

प्रोग्राम लिहायला ती कधीही बसू दे. फीचं वाक्य मात्र आज रात्रीच मागे घ्या, बोर्डाच्या प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत.