नववा महिना लागलाय, अंगावर पाजण्यासाठी आधीपासून काय तयारी करू?
स्तनाग्रं घासून ‘कणखर’ करायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या, नुसती कातडी सोलवटते. स्तनाग्रं आत ओढलेली वाटली तर मात्र आत्ताच डॉक्टरांना दाखवा. खरं शिकायचं ते पकड, म्हणजे बाळानं स्तन तोंडात नीट धरणं. बाळानं मोठा आ केला की त्याला जवळ घ्यायचं. हनुवटी स्तनाला टेकलेली, तोंडात नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळसर भागही. दुखतच राहिलं तर करंगळी ओठांच्या कोपऱ्यात सारून सोडवा, पुन्हा लावा. जन्मल्यावर तासाभरात पाजायला घ्या. पहिले दोन-तीन दिवस थोडासा पिवळसर चीकच येतो. मी घाबरले होते, पण बाळाला सहसा तेवढा पुरतो. पुढे 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजणं आलंच, तेव्हा घरकाम कोण करणार हे आत्ताच ठरवा.