धान्याचे पीठ न वापरता, आपल्या मसाल्यांत कुरकुरीत मश्रूम घरी कसे तळावेत?

गहू, तांदूळ, मका यांपैकी कशाचेही पीठ न घेता मश्रूम कुरकुरीत कसे तळावेत, असे आपण विचारले आहे. बेसनाच्या पिठात बुडवून तळलेले मश्रूम कढईतून काढल्यावर पाच मिनिटांत मऊ पडतात, हेही आपण लिहिले आहे. मी वेंगुर्ल्याजवळ राहते. माझ्या भाच्याला सीलिॲक आजाराचे (यात गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला सोसत नाही) निदान झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, तो सुट्टीत आमच्याकडे येतो तेव्हा हा पदार्थ हमखास होतो. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आमच्याकडे मासळी तळताना तुकड्यांना मसाला चोळून ते तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. भाच्यासाठी रवा बंद झाला आणि वरून खरखरीत, आतून मऊ असा तो तुकडा कशाने साधायचा, हा प्रश्न पडला. त्यातच जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने बाजारात ताजी मासळी कमी असते, आणि नेमके तेव्हाच ताटात काहीतरी तळलेले हवे असते. मश्रूमची सुरुवात आमच्या घरी अशी झाली. पहिले चार-पाच प्रयत्न आपल्यासारखेच फसले, कारण मी पीठच बदलत राहिले आणि मश्रूमकडे पाहिलेच नाही.

मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. कच्चा मश्रूम पिठात बुडवून तेलात सोडला की वरचे आवरण काही क्षणांत घट्ट होते आणि आतल्या पाण्याची वाफ होऊ लागते. कढईत असेपर्यंत ती वाफ बाहेर पडत राहते, पण ताटलीत काढल्यावर तीच आवरणात मुरते आणि ते आतून ओले होते. पीठ कोणतेही घेतले तरी हे होणारच. म्हणून पाणी आधी काढायचे. चारशे ग्रॅम बटण मश्रूम, म्हणजे बाजारात मिळतात ते दोनशे ग्रॅमचे दोन डबे, नळाखाली झटकन धुऊन कापडाने कोरडे करावेत. मश्रूम धुतले की पाणी शोषून फुगतात, असे पुष्कळजण सांगतात. अख्खे मश्रूम झटकन धुतल्यास तसे फारसे होत नाही. कापल्यानंतर मात्र धुऊ नयेत. लहान मश्रूमचे दोन आणि मोठ्यांचे चार तुकडे करून ते बिडाच्या तव्यावर मध्यम-मोठ्या आचेवर, तेल आणि मीठ न घालता पसरावेत.

पहिली दोन मिनिटे काहीच घडत नाही. मग तुकडे चकाकू लागतात, तव्यावर करडे पाणी साचते आणि ते खदखदू लागते. घाबरून गॅस कमी करू नये. सात-आठ मिनिटांत ते सगळे आटते, खदखदण्याचा आवाज थांबून चर्र असा कोरडा आवाज येऊ लागतो, आणि तुकडे निम्म्यावर येऊन त्यांच्या कडा बदामी होतात. तो कोरडा आवाज आला की उतरवावे. इतके परतल्यावर मश्रूम शिजून लगदा होईल, ही भीती मलाही होती. परंतु मश्रूमच्या पेशीभित्तिका कायटिन या चिवट द्रव्याच्या असतात आणि ते उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे भाजीसारखा मश्रूम गळत नाही, उलट चावायला अधिक घट्ट लागतो. तुकडे ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत.

आता पिठाकडे वळू. मराठीत धान्य म्हटले की तृणधान्यही आले आणि कडधान्यही आले, त्यामुळे आपल्याला नेमके काय टाळायचे आहे, हे आधी ठरवावे लागेल. फक्त तृणधान्ये टाळायची असतील तर बेसन चालते. कडधान्येही नको असतील तर तेही बाद होते. मी खाली देत आहे ती कृती दोन्ही अर्थांनी चालेल अशी आहे. इथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधते. उपवासाला चालते ते सगळे धान्यविरहित, असे समजून अनेकजण वरीचे पीठ किंवा उपवासाची भाजणी आणतात. वरी हे तृणधान्यच आहे, आणि तयार भाजणीत बहुधा ती असतेच. राजगिरा गवताच्या कुळातला नाही, म्हणून काहीजण तो चालवून घेतात, पण काटेकोर पथ्य असेल तर तोही नको.

राहिले ते शिंगाड्याचे पीठ, तवकीर (म्हणजे आरारूट) आणि साबुदाणा. केवळ तवकीर लावली तर आवरण पातळ आणि काचेसारखे कुरकुरीत होते, मात्र पांढुरके राहते. केवळ शिंगाडा लावला तर रंग सुरेख येतो, पण आवरण जाड होते आणि चव किंचित गोडसर लागते. म्हणून मी शिंगाड्याचे पीठ चार मोठे चमचे आणि तवकीर तीन मोठे चमचे असे एकत्र करते. रव्याची जागा साबुदाणा घेतो. साबुदाणा कंदापासून बनतो, त्यामुळे त्यात धान्य नसते. तो मंद आचेवर सहा-सात मिनिटे भाजावा, गार झाल्यावर मिक्सरमधून भरडावा आणि रव्याच्या चाळणीने चाळून घ्यावा. चाळणीतून खाली पडेल तेवढाच वापरावा, कारण जाड कण तळल्यावर दाताखाली खड्यासारखे लागतात आणि अख्खा दाणा राहिला तर तेलात फुटून उडतो. हा साबुदाण्याचा रवा तीन मोठे चमचे घेऊन पिठात मिसळावा. मासळीच्या तुकडीवर जो खरखरीतपणा मला हवा होता, तो यानेच आला. तवकीर घेताना पाकीट वाचून घ्यावे, कारण आरारूट या नावाने मक्याचे स्टार्चही विकले जाते. बेकिंग पावडरमध्येही बहुधा मक्याचे स्टार्च असते. या कृतीत तिची गरजच नाही.

मसाल्याविषयी माझे मत ठाम आहे. तो मश्रूमला चोळावा, कोरड्या पिठात घालू नये. पिठातले तिखट तेलात थेट उघडे पडते, करपते आणि तिसऱ्या घाण्यापर्यंत तेल काळे करते. गार झालेल्या तुकड्यांना आले-लसणाचे घट्ट वाटण एक लहान चमचा, मालवणी मसाला दोन लहान चमचे, हळद पाव चमचा आणि कोकमाचे आगळ एक लहान चमचा लावावे. आगळात मीठ असते, म्हणून वेगळे मीठ चव पाहूनच घालावे. लिंबापेक्षा मला आगळच पसंत आहे, कारण त्याचा आंबटपणा तळल्यानंतरही टिकतो आणि मश्रूमच्या मातकट वासाला तो फार शोभतो. वीस मिनिटे मुरल्यावर फेटलेल्या एका अंड्याचा पांढरा भाग त्यात मिसळावा. अंडे नको असेल तर एक मोठा चमचा तवकीर दोन मोठे चमचे पाण्यात कालवून घालावी, म्हणजे तुकड्यांना चिकटसर लेप बसतो.

हिंगाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तिथे आम्ही चुकलो होतो. पहिल्या वर्षी मी पीठ, तेल, कढई सगळे काटेकोर सांभाळले आणि सवयीने मसाल्यात चिमूटभर हिंग घातला. रात्री भाच्याचे पोट बिघडले. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून वाचला, तेव्हा हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ लिहिलेले सापडले. बाजारातला बराचसा हिंग असा पिठात मिसळलेला बांधानी हिंग असतो. तेव्हापासून मी या पदार्थात हिंग घालत नाही, आणि सुके शिंगाडे आणून घरीच मिक्सरमध्ये दळते, कारण गिरणीत आधीच्या गव्हाचे पीठ जात्यात राहिलेले असते. आपले पथ्य आजारामुळे असेल तर आधी पुऱ्या किंवा भजी तळलेले तेलही वापरू नये.

तुकडे एकेक करून पिठात घोळवावेत, जास्तीचे पीठ झटकावे आणि ताटात एकमेकांना न चिकटता दहा मिनिटे ठेवावेत. पिठाला जरा ओल लागली की ते तेलात सुटत नाही. तळण्यासाठी मी शेंगदाण्याचे तेल वापरते. घाण्याच्या खोबरेलाची चव मला आवडते, पण तळणीला लागणाऱ्या उष्णतेला ते धुरावू लागते. तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअस तापलेले असावे. थर्मामीटर नसेल तर पिठाची चिमूट टाकून पाहावी. ती तळाला न बसता लगेच वर आली आणि करपली नाही, म्हणजे तेल योग्य आहे. एका वेळी आठ-दहा तुकड्यांपेक्षा अधिक सोडू नयेत, अन्यथा तेल थंड होते आणि पीठ ते पिऊन घेते. दोन मिनिटे तळून तुकडे जाळीवर काढावेत, पाच मिनिटे थांबावे आणि आच थोडी वाढवून पुन्हा एक मिनिट तळावे. या मधल्या पाच मिनिटांत आत उरलेली ओल आवरणात येते आणि दुसऱ्या तळणीत ती उडून जाते. शेवटी त्याच तेलात कोरडी कढीपत्त्याची पाने तडतडवून वरून टाकावीत.

कागदावर काढू नका. कागद तेल टिपतो खरा, पण तुकड्याची खालची बाजू वाफेत राहते. पावसाळ्यात आमच्या हवेत पापडसुद्धा डब्याबाहेर तासाभरात सादळतो, तेथे या मश्रूमला वीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. म्हणून पहिली तळणी आधी उरकून ठेवावी आणि दुसरी, सगळे पानावर बसल्यावर करावी. सोबत सोलकढी असेल तर दुसरे काही लागत नाही.

ढिंगरी (ऑयस्टर) मश्रूमही याच रीतीने होतो. तो बोटांनी उभा फाडावा, आणि त्याला तव्यावर पाच मिनिटे पुरतात. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानातली अळंबी मात्र तळू नये. ती इतकी नाजूक आणि सुवासिक असते की पिठाखाली तिचे काहीच उरत नाही, तिला ओल्या खोबऱ्याचे सुके शोभते. ती जाणकाराकडूनच घ्यावी, कारण दिसायला तशाच असणाऱ्या काही जाती विषारी असतात, आणि त्यांतले विष शिजवून किंवा तळून जात नाही.