क्लच दाबला की किर्रर्र

प्रश्न : माझी १९९४ची फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल जीप आहे. चोर्ला घाटात क्लच दाबला की किर्रर्र आवाज येतो, पाय काढला की थांबतो. गॅरेजवाले म्हणतात, अख्खा क्लच सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) बदला. नुसते बेअरिंग बदलून भागणार नाही का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : आधी एवढे करून बघा. गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा आणि पेडल तळहाताने हळूच दाबा. मोकळी चाल संपून पेडल जड लागते, नेमका तिथेच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणारे बेअरिंग, गेले. उलट, पेडल सोडलेले असताना गुरगुर आणि दाबल्यावर शांत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा. मग क्लचवर पैसे घालू नका.

यात बेअरिंगपेक्षा मजुरीच जास्त. फोर-व्हीलमध्ये गिअरबॉक्सबरोबर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस खाली येते, ती ताकद नेणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडावे लागतात. एवढे उघडल्यावर बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती अंगठ्याने चाचपायलाच हवी. फोंड्यात माझ्याकडे पावसाळ्यानंतर आलेल्या एका जीपच्या नळीला नख अडकेल एवढा चर होता, वर गंज. तिच्यावर नवे बेअरिंगही अडकत, तिरके चालले असते. बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कची टोके, इनपुट शाफ्टचे पुढचे टोक पेलणारे पायलट बुश आणि इंजिनाच्या क्रँकचे मागचे ऑइल सील तेव्हाच बघून घ्या. क्लच प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले नसेल आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटे एका पातळीत असतील, तर अख्खा सेट नको. उघडल्यावर तिथे उभे राहा, दाखवायला सांगा.

नवे बेअरिंग कुणाला डिझेलने धुऊ देऊ नका. ते सीलबंद असते, आतले ग्रीस निघून जाते. नळीला ग्रीसचा पातळ हात पुरे, जास्त झाले तर प्लेटवर उडते. गिअरबॉक्स चढवताना जॅक हवाच. एकदा माझ्याकडे घाईत गिअरबॉक्सचे वजन शाफ्टवर आले, प्लेटचा हब वाकला आणि गाडी पहिल्या गिअरला थरथरत निघाली. सगळे पुन्हा उतरवले. त्या गिऱ्हाइकाकडून दुसरी मजुरी घेणे मला पटले नाही.

पेडलला साधारण इंचभर मोकळी चाल ठेवून घ्या, नाहीतर बेअरिंग सतत फिरत राहते. घाटात पाय पेडलवर टेकवून गाडी चालवू नका. आणि कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपांसारखी तुमचीही पाण्यातून जात असेल, तर क्लच झाकणाऱ्या बेल हाउसिंगच्या तळाचे भोक चिखलाने बुजलेले नाही ना, तार घालून बघत जा.