वाचकांचे प्रश्न : वेबसाइटचे रंग ठरवताना

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपची स्वतःची वेबसाइट आहे. ट्रेकच्या सूचना, फोटो आणि सभासदांच्या चर्चा तिथे चालतात. वरची पट्टी भगवी आहे, तिच्यावर पांढरी अक्षरं आणि खाली पोपटी लिंक. ज्येष्ठ सभासद म्हणतात, वाचता येत नाही. तरुण म्हणतात, रंग अजून भडक करा. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांच्या उजेडात पुरेसा फरक नाही. रंग भडक केला तरी तो फरक वाढत नाही.

हा फरक मोजता येतो. काळ्यावर पांढरं हे सर्वांत मोठं प्रमाण, २१:१. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ हवं. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ अशा तीन आकड्यांत लिहितात. तुमचा भगवा जर नेहमीचा, म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असेल, तर त्यावरची पांढरी अक्षरं २.१:१ वरच अडकतात. पोपटी लिंकही (७६, १७५, ८०) पांढऱ्यावर २.८ पर्यंतच जाते. कारण डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. भगव्यात लाल पूर्ण आणि हिरवाही बराच असतो. तो रंग गडद वाटतो, पण असतो उजळ. भगवा ग्रुपची ओळख असेल तर तो जरूर ठेवा, फक्त त्यावर काळसर अक्षरं (३४, ३४, ३४) घाला. प्रमाण लगेच सातच्या वर जातं.

आता सुरुवातीबद्दल. आधी रंग निवडू नका, आधी कामं लिहून काढा. मागची बाजू, मुख्य मजकूर, दुय्यम मजकूर (तारीख, लिहिणाऱ्याचं नाव), लिंक आणि बटणं, वरची पट्टी, लक्ष वेधायची जागा, धोक्याची सूचना. अशी सातच कामं निघतील. अशा वेबसाइटवर पडद्याचा बहुतेक भाग लोकांच्या लिखाणानं आणि फोटोंनी भरलेला असतो, आणि फोटो स्वतःचे रंग घेऊनच येतात. पावसाळ्यातल्या राजगडाच्या फोटोशेजारी हिरवी मागची बाजू ठेवलीत तर फोटोतला हिरवा मळकट दिसेल. म्हणून मोठ्या जागा रंगहीन ठेवा आणि रंग राखून ठेवा तो जिथे बोट टेकवायचं त्या जागेसाठी.

तुमच्यासाठी एक मांडणी सुचवतो. मागची बाजू किंचित पिवळसर पांढरी (२५०, २४८, २४३). मजकूर काळसर (३४, ३४, ३४), प्रमाण १५ च्या आसपास. तारखांसाठी राखाडी (११०, ११०, ११०), प्रमाण ४.८. याहून फिका राखाडी घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी दिसणारा १५०-१५०-१५० हा शुद्ध पांढऱ्यावरसुद्धा तीनला पोचत नाही. लिंक आणि बटणं पावसाळी रानाच्या गडद हिरव्यात (३१, ९०, ६१), प्रमाण साडेसातच्या वर. न वाचलेल्या नोंदीमागे सोनकीच्या फुलाचा पिवळा, पण पातळ केलेला (२५५, २३६, १६०). पिवळ्यात अक्षरं कधीच लिहू नका. लाल फक्त ‘ट्रेक रद्द’ आणि ‘नोंद काढून टाका’ यांच्यासाठी. प्रशासकांची नावं लाल करायची हौस अनेकांना असते, पण मग खऱ्या सूचनेचा लाल कुणी बघत नाही.

मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त सांभाळावं लागतं. भ आणि म यांच्यात फरक काय, तर एक गाठ आणि शिरोरेषेतली बारीकशी फट. फिक्या राखाडीत, बारीक वळणाच्या फाँटमध्ये ती फट भरून जाते आणि ‘भोरला जमायचं’ हे ‘मोरला जमायचं’ असं वाचलं जातं. घ आणि ध यांचंही तेच. अनुस्वाराचा ठिपका तर सगळ्यात आधी जातो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा फाँट साध्या जाडीत घ्या, ‘लाइट’ नको. आकार १७-१८ पिक्सेल ठेवा आणि ओळींची उंची आकाराच्या १.६ ते १.७ पट. लिंक नुसत्या रंगानं ओळखू येत नाही, खाली रेघ हवीच. मात्र ती रेघ उकारांना कापते, म्हणून अक्षराच्या आकाराच्या पाव पट खाली सरकवा.

मग तपासणी. क्रोममध्ये ‘इन्स्पेक्ट’ उघडून मजकुराच्या रंगाच्या चौकोनावर टिचकी मारली की प्रमाण दिसतं. पानाचा स्क्रीनशॉट कृष्णधवल करून पाहा, बटण तरीही वेगळं उठून दिसलं पाहिजे. आणि भर दुपारी फोनचा उजेड निम्म्यावर ठेवून गच्चीत उभं राहून एक पूर्ण चर्चा वाचा. तुमचे सभासद माचीवर उन्हातच वाचणार आहेत.

रंगांच्या चौकोनांवर मतदान घेऊ नका. एकाच चर्चेची पूर्ण पानं दोन रंगसंगतींत करून दाखवा आणि ‘यातली पुढच्या रविवारची वेळ शोधा’ असं सांगा. ज्यात वेळ पटकन सापडते ती संगती घ्या.

प्रश्न : डार्क मोडसाठी सगळे रंग उलटे केले. लिंक दिसेनाशा झाल्या आणि लोगोभोवती पांढरा चौकोन आला. काय चुकलं?

उत्तर : डार्क मोडची रंगसंगती वेगळी बसवावी लागते. वरच्या उत्तरातला गडद हिरवा काळ्याच्या जवळच्या पार्श्वभूमीवर (१८, १८, १८) २.३ वरच राहतो. त्याचाच उजळ भाऊ (१२७, १९६, १५५) घेतला की प्रमाण नऊच्या आसपास जातं. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं टाळा. अनेकांना, विशेषतः दृष्टिवैषम्य (चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर) असलेल्यांना, अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात. मजकूर २२४-२२४-२२४ पुरे. लोगोची फाइल बहुधा जेपीजी प्रकारची असेल. त्यात पारदर्शकता नसते, म्हणून तो पीएनजी किंवा एसव्हीजीमध्ये करून घ्या. लोगोची अक्षरं काळी असतील तर उजळ अक्षरांची दुसरी प्रतही लागेल.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचक मंडळाच्या वेबसाइटवर पुस्तक उपलब्ध असेल तर हिरवा ठिपका आणि कुणी नेलं असेल तर लाल. एका काकांना दोन्ही सारखेच दिसतात. लाल अजून गडद करावा का?

उत्तर : नको, त्यानं काम होणार नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हा रंगांधत्वाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे आणि तो पुरुषांत बराच जास्त असतो. शिवाय नेहमीचा लाल (२००, ०, ०) आणि नेहमीचा हिरवा (०, १२८, ०) यांच्या उजेडाचं प्रमाण जेमतेम १.२:१ आहे. म्हणजे रंग कळला नाही की हाताशी दुसरी खूणच उरत नाही. ठिपक्याशेजारी शब्द लिहा : ‘आहे’ किंवा ‘नेलं’. आकारही बदला, असलेल्या पुस्तकाला भरीव गोल आणि नेलेल्याला पोकळ कडं. जोडी बदलायची झाली तर गडद निळा आणि उजळ नारिंगी घ्या. ‘नेलं’च्या पुढे परत यायची तारीख टाकलीत तर काकांना फोन करून विचारावंही लागणार नाही.