पेट्रोलपंपाशेजारची बोअरवेल : ‘योग्य’ अहवालात काय तपासलेच गेले नाही?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी शौचालयासाठी व बागेसाठी वापरतात, टँकर आला नाही की काही घरांत ते उकळून पितातही. जवळच पेट्रोलपंप आहे. यंदा पावसाळ्यानंतर या पाण्याला औषधासारखा उग्र वास येऊ लागला. प्रयोगशाळेने सामू, क्षार, कठीणपणा आणि जिवाणू तपासून पाणी ‘योग्य’ ठरवले. पंपचालक गळती नसल्याचे सांगतात. आम्ही आता काय तपासावे?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : सर्वप्रथम, हे पाणी पिणे आजपासूनच थांबवावे. पेट्रोलमधील घटक उकळल्यावर वाफेत जातात आणि ती वाफ स्वयंपाकघरातच कोंडते, त्यामुळे उकळणे हा येथे उपाय नव्हे. घरगुती शुद्धीकरण यंत्रावरही विसंबू नये.

आपला अहवाल चुकीचा नाही. ज्याची शंका आहे ते त्यात तपासलेलेच नाही. पेट्रोलची शंका असेल तेव्हा बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन व झायलीन यांच्याबरोबर एमटीबीई म्हणजेच मिथाइल टर्शरी ब्युटिल इथर आणि त्याच्या विघटनातून होणारे टर्शरी ब्युटिल अल्कोहोल यांची चाचणी नावानिशी मागावी लागते. एमटीबीई हे ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे द्रव्य आहे. एक लिटर पाण्यात बेंझीन जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळते, तर एमटीबीई सुमारे 50 ग्रॅम. शिवाय ते मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही आणि त्याचे जैविक विघटनही सावकाश होते. म्हणूनच गळतीतील इतर घटक मागे रेंगाळतात, पण हे जवळजवळ भूजलाच्याच वेगाने पुढे सरकते. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला 1996 मध्ये याच द्रव्यामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा गेला. त्या राज्याने पुढे चव व वासासाठी 5 आणि आरोग्यासाठी 13 मायक्रोग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा घातली. बेंझीन हे कर्करोगकारक असून त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य 10 मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळले जात असल्याने प्रश्न सुटला, असेही समजू नये. इथेनॉल जिवाणूंना लवकर पचते, परंतु ते पचवताना जमिनीतील प्राणवायू संपतो आणि बेंझीनचे विघटन लांबते.

नमुना घेण्याची पद्धत मला चाचणीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तरी ही बाष्पशील द्रव्ये त्यात निघून जातात आणि दूषित पाणी अहवालात स्वच्छ ठरते. 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत पाणी काठोकाठ भरावे, ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे न्यावी, आणि नमुना गच्चीवरील टाकीतून न घेता, बोअरवेलमधील साचलेले पाणी उपसून झाल्यावर थेट तिच्या तोंडाशी घ्यावा. कुपीत टिकवणीसाठी आम्ल घालायचे असल्यास एमटीबीईवर त्याचा होणारा परिणाम प्रयोगशाळेला आधी विचारावा. नमुना पुढे गरम करून तपासला तर काही एमटीबीईचे अल्कोहोल होऊ शकते.

एका बोअरवेलच्या एका नमुन्याला मी देखरेख म्हणणार नाही. प्रवाहाची दिशा कळण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींची पाणीपातळी एकाच दिवशी मोजावी लागते. आपल्याकडे येऊरच्या डोंगराकडून खाडीकडे असा जमिनीचा साधारण उतार आहे. मात्र ठाण्याखालचा बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, भेगांतून पाणी वाहून नेतो, त्यामुळे पंपाजवळची विहीर स्वच्छ आणि दूरची दूषित असेही घडते. बोअरवेलचा जोराचा उपसाही दूषित पाणी स्वतःकडे ओढतो. म्हणून भूजलाच्या प्रवाहात पेट्रोलपंपाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांना, शक्य असल्यास वेगवेगळ्या खोलींवर, नमुने घ्यावेत. मे महिन्यात पातळी खोल असते आणि पावसानंतर ती वर येऊन मातीत अडकलेल्या पेट्रोलला भिडते. आपल्याला तेव्हाच वास आला, यामागे हे एक कारण असू शकते. पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी नमुने घ्यावेत, म्हणजे मे आणि ऑक्टोबर–नोव्हेंबर हे दोन्ही काळ त्यात येतील, आणि प्रत्येक वेळी पातळीचीही नोंद ठेवावी.

हा सगळा खर्च सोसायटीने एकटीने सोसावा, हे मला न्याय्य वाटत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांच्याकडे जुना अहवाल जोडून लेखी तक्रार करावी, व पंपाच्या भूमिगत टाक्यांची आणि नळांची दाबचाचणी तसेच साठ्याच्या दैनंदिन हिशेबाची तपासणी मागावी. दरम्यान लिफ्टचा खड्डा किंवा तळघरातील टाकी येथे पेट्रोलचा वास आला, तर तेथील विजेचे कोणतेही बटण न दाबता रहिवाशांना दूर करावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.