खूळ काढण्याआधी कंसातले वाक्य वाचा

आपली मुलगी नीटला दोनदा बसली, दुसऱ्या वेळी गुण आणखी घसरले, तरी तिसऱ्यांदा बसवायचे आपण ठरवले आहे. ती मात्र खोल बुडी मारणाऱ्या व्हेलवर संशोधन करायचे म्हणते. 'तिला पोहताही येत नाही, मग हे खूळ डोक्यातून कसे काढावे?' असे आपण विचारता.

मला व्हेलची काळजी वाटली नाही. दोन्ही वर्षांचे गुण आपण विषयवार दिले आहेत आणि शेवटी, कंसात, एक वाक्य लिहिले आहे: 'हल्ली ती जेवायलाही खोलीबाहेर येत नाही.' एवढी मोठी गोष्ट आपल्याला कंसात घालावीशी वाटली, याचेच मला वाईट वाटले. ज्या परीक्षेने मुलीचे जेवण तुटले, तिच्यासाठी आणखी एक वर्ष काढायला लावणे म्हणजे जिद्द नव्हे, तो आपला हट्ट आहे. शिवाय आपल्या तीन पानी पत्रात तिचे म्हणणे अवघ्या दोन ओळींत आटोपले आहे.

आता पोहण्याविषयी. संशोधक व्हेलबरोबर बुडी मारतो, हा समज चित्रफिती पाहून झालेला असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कुव्हिअर जातीचा, चोचीसारख्या तोंडाचा एक व्हेल २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद आहे, आणि २०२० साली उत्तर कॅरोलिनाजवळच्या एका बुडीची नोंद २२२ मिनिटांची झाली; तिथवर कोणता पोहणारा जाणार? व्हेल श्वासाला वर येतो त्या मोजक्या क्षणांत लहान बोटीतून त्याच्या पाठीवरच्या पराला छोटे यंत्र दुरून मारून बसवतात आणि ते खोली व वेळ मोजून उपग्रहामार्फत कळवत राहते. त्या २०१४च्या अभ्यासात आठ व्हेलांच्या ३,७००हून अधिक तासांच्या नोंदी होत्या. त्यांचा अर्थ संगणकापुढे बसून, संख्याशास्त्राच्या आधारे लावावा लागतो. म्हणून विचारायचेच असेल, तर तिला आकडेमोडीचा कंटाळा आहे का, हे विचारा. 'याचा उपयोग काय?' या आपल्या प्रश्नाचे उत्तरही याच नोंदींत आहे: मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर व्हेल किनाऱ्याला लागले, त्यामागे अमेरिकी नौदलाचे सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून शोध घेणारे यंत्र, असल्याचा निष्कर्ष अमेरिकी शासनाच्याच चौकशीत निघाला, अशा आवाजाने बुडी कशी बिघडते, हे कळायला आधी नेहमीची बुडी माहीत असावी लागते.

मार्ग नेहमीचाच आहे: प्राणिशास्त्र किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी, मग कोची, गोवा किंवा देहरादूनला एमएस्सी, पुढे नेट आणि पीएचडी. या विषयात आपल्याकडे कायम नोकऱ्या फार थोड्या आहेत आणि पीएचडी होईपर्यंत तिशी गाठते, हे तिलाही स्पष्ट सांगा. संख्याशास्त्र पक्के असेल, तर व्हेल सुटले तरी पोटाची चिंता राहणार नाही.

पण प्रवेशाचे नंतर पाहू. क्लासची फी भरली नसेल, तर भरू नका. या आठवड्यात तिला घरच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्यापुढे आधी कंसातले ते वाक्य सांगा. गुणांचा कागद घरी ठेवा.