जुना डेस्कटॉप: आधी काय बदलावं?

प्रश्न: माझा २०१५चा डेस्कटॉप (आय-५ ४४६०, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क) सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. प्रोसेसर बदलू का?

उत्तर: प्रोसेसरला हात लावू नका. तुमच्या मदरबोर्डच्या ११५० सॉकेटवर (प्रोसेसर बसतो तो साचा) आय-७ ४७९०च्या फारसं पुढे जाता येत नाही, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत तोही बसत नाही.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. नुसतं बसल्या बसल्या डिस्क १०० टक्के वापरात दिसत असेल, तर खरा अडथळा हार्ड डिस्कच. २.५ इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलने जोडली जाणारी, पण कितीतरी वेगवान डिस्क) घ्या; ५०० जीबी पुरे. साटा केबल बहुधा वेगळी घ्यावी लागते, आणि ती ६ जीबीपीएसच्या पोर्टलाच जोडा. दुकानदार एनव्हीएमई (त्याहून वेगवान, नव्या प्रकारची एसएसडी) गळ्यात मारेल. या बोर्डावर त्यावरून विंडोज सहसा सुरूच होत नाही. जुनी डिस्क फोटोंसाठी राहू द्या.

मग ४ जीबी डीडीआर३ १६०० रॅमची आणखी एक पट्टी. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवू नका. बसवल्यावर बीप वाजली, तर सोनेरी टोकं खोडरबरने पुसून पुन्हा लावा.

विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. बँकेची कामं असतील तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाका.